तीन नंबरची मान

देवासच्या आमच्या कारखान्यात गोल्फच्या काठ्यांची लोखंडी डोकी घडवायचं काम येणार म्हटल्यावर पहिला प्रश्न हाच, की हा खेळ खेळतात तरी कसा? नव्वदच्या दशकातली गोष्ट. तोवर आम्ही ट्रॅक्टरचे लिव्हर आणि पाने घडवत होतो. गोल्फ कुणीच पाहिलेला नव्हता. हॅमरवरचा एक जण म्हणाला, "भिया, अमीरों का गिल्ली-डंडा है." झालं, तेवढ्या माहितीवर आम्ही कामाला लागलो.

मी तपासणीला होते. अख्ख्या शॉपमध्ये बाई मी एकटी. माहेर धारचं, आणि जीभ अशी की आमची आईच म्हणायची, हिच्या तोंडी कोण लागणार! पण माझ्या सहीशिवाय माल गेटाबाहेर जात नव्हता, त्यामुळे सगळे ऐकून घ्यायचे.

नमुन्याला एकच संच करायचा होता, तीन नंबरपासून नऊपर्यंत सात डोकी. नरम पोलादाचा तुकडा भट्टीत लालभडक करायचा, डायमध्ये, म्हणजे साच्यात, ठेवून हॅमरने ठोकायचा, कडेला आलेलं फालतू लोखंड कापायचं, मग घासून घासून आकाराला आणायचा. डोक्यातून वर निघते ती मान, तिच्यात दांडा बसतो. ओतीव डोक्याची मान वाकवायला गेलं तर तुटायची भीती. घडीवाची मान गार असतानाही थोडी वाकते, म्हणून तर गिऱ्हाईक घडीव मागत होतं. खोच एकच होती. तीन नंबरचा दांडा सर्वांत लांब, म्हणजे खेळणारा चेंडूपासून लांब उभा राहणार आणि दांडा जास्त तिरका येणार. नऊचा आखूड, तो जास्त उभा. एकदा आखूड आणि एकदा लांब दांड्याच्या खराट्याने अंगण झाडून पाहा, कळेल. त्यामुळे प्रत्येक नंबराची मान आधीच्यापेक्षा अर्धा अंश उभी हवी होती, आणि पाव अंशापलीकडे चूक चालणार नव्हती.

माना लावायचं काम काकांचं. सगळे त्यांना काकाच म्हणायचे. सांगलीकडून नोकरीसाठी आलेले, वीस-बावीस वर्षं भट्टीशेजारी उभे. वाकडा आलेला नग व्हाइसमध्ये धरून पहारीने सरळ करण्यात त्यांचा हात कुणी धरू शकत नव्हतं. रिटायर व्हायला तीन वर्षं होती. मॅनेजर मात्र दोनदा म्हणून गेला होता, की काकांना आता दिसत नाही, स्टोअरमध्ये बसवा, खिडकीतून हातमोजे वाटतील. काका म्हणायचे, "त्यापरीस मला भट्टीत टाका की."

आणि मी काय केलं? आदल्या आठवड्यात त्यांचे दोन लिव्हर सारखे लागले नाहीत, तर भर शॉपमध्ये ओरडले, "काका, डोळे तपासून घ्या! दोन नगांच्या माना सारख्या नाहीत तुमच्या!" सगळे हसले. काकाही हसले. मलाही आपण फार हुशार असं वाटलं.

गिऱ्हाइकाचा माणूस इंदूरहून अकराला येणार होता. त्या दिवशी साडेआठला मी संच कोन मोजायच्या गेजवर लावला. सहा नंबर बरोबर. मग नऊ लावला, तर काटा सहाच्याच जागी. आठ, तोच आकडा. तीन, तोच. सातही माना एकसारख्या! मी धावत काकांच्या बेंचवर गेले.

"अहो काका, हे काय करून ठेवलंत? प्रत्येकाचा कोन वेगळा पाहिजे होता ना! तक्ता दिला होता मी!"

काका एकदम पांढरे पडले. म्हणाले, "पोरी, तूच म्हणालीस नव्हं, सारख्या नाहीत म्हणून?"

ते माझं लिव्हरवरचं बोलणं, आणि या माणसाने ते इतकं मनाला लावून घेतलं! स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली. पण अकराला किती वेळ राहिला होता? मी गेज उचलून बेंचवर आणलं. "चला. मी वाचते, तुम्ही ओढा."

काकांनी डोकं व्हाइसमध्ये धरलं, खाचेची पहार मानेत अडकवली. मी म्हणायची, अजून, अजून, बस. एकदा वाकवलेलं पोलाद परत वाकवताना ते कधी दगा देईल सांगता येत नाही, प्रत्येक ओढीला माझे दात आवळले जायचे. नऊ झाला. आठ झाला. सात, पाच, चार. तीन नंबर तेवढा राहिला, आणि मागून आवाज आला, "ये क्या चल रहा है?"

मॅनेजर.

मी खरं ते सांगितलं. सगळ्या माना सारख्या लागल्या, पण तसं बोलले मीच होते. तो काकांकडे बघत राहिला. "मैडम, आप बचाइए मत. इनको दिखता ही नहीं. सोमवार से स्टोअर."

"दिखता है!" मी इतक्या जोरात म्हटलं की शेजारचा ग्राइंडर थांबला. "गलती मेरे बोलने की है. इनकी आँख की नहीं."

"ठीक है. ये आखरी वाला खुद लगाएँ. आप चुप रहेंगी. बाद में नापिए."

काकांनी तीन नंबर घेतला. गेजवर लावला, मान खाली घालून आकड्यांकडे बघितलं. खूप वेळ बघितलं. मग पहार अडकवून एकदा ओढलं, परत गेजवर ठेवून बघितलं, अजून थोडं ओढलं आणि नग माझ्या हातात दिला.

मी गेजवर लावला. काटा एक पूर्ण अंश चुकलेला.

आकडे बारीक, मॅनेजर चार पावलांवर. माझ्याशिवाय कुणाला दिसणार नव्हतं. तपासणीच्या इतक्या वर्षांत मी सख्ख्या दिराचाही चुकलेला नग पास केला नव्हता. मी म्हटलं, "बराबर है."

मॅनेजर मुंडी हलवून गेला. सव्वादहा वाजले होते.

"किती ऱ्हायलं?" काकांनी हळूच विचारलं.

"काही नाही हो काका. केसभर. पाव अंश असेल."

"मग घे लावून."

त्यांनी पहार अडकवली. मी गेजकडे बघत म्हणत राहिले, अजून थोडं. अजून. थोडंसं. बस. काटा बरोबर खुणेवर आला. काकांनी पहार खाली ठेवली आणि ते माझ्याकडे बघून हसले.

"पाव अंशाला एवढं वढावं लागत नाही, पोरी. पुरा एक हुता. डोळ्याला दिसत नसंल, हाताला कळतंय."

मग त्यांनी सांगितलं. मी शॉपमध्ये ओरडले त्याच्या आदल्याच दिवशी इंदूरच्या डॉक्टरने सांगितलं होतं, डोळ्यांचा पडदा गेलाय, ऑपरेशनचा उपयोग नाही. माझ्या तक्त्यावरचे आकडे त्यांना दिसलेच नव्हते. सहा नंबर डायमधून बरा आला होता, त्याच्या मानेला अंगठा लावून त्यांनी बाकीचे सहा लावले. अंगठ्याने, आणि सगळे एकाच आकड्यावर! माझ्या बोलण्याचा दोष नव्हताच. दोष जिभेचा नसला तरी ओरडले तर मीच होते ना? मला रडूच आलं.

काका फडक्याने हात पुसत मॅनेजरच्या केबिनकडे निघाले. मी आडवी आले. "काका, कशाला? संच बरोबर आहे आता. कुणाला कळणार नाही."

"तुझ्या सहीवर माल जातोय. माझ्यापायी ती खोटी व्हायची न्हाई." मला हाताने बाजूला करून ते आत गेले.

अकराला तो माणूस आला. त्याने सातही डोकी ओळीने जमिनीवर मांडली, गुडघ्यावर बसून एकेकाच्या मानेवरून नजर फिरवली आणि संच पास केला. काका तेव्हा स्टोअरच्या किल्ल्या ताब्यात घेत होते.

काम मिळालं. काकांच्या बेंचवर दुसरा माणूस आला, चांगला होता, पण उरकणारा. एखाद्या मानेची शंका आली, की मी ते डोकं घेऊन स्टोअरच्या खिडकीशी जायची. मॅडम हातमोजे आणायला गेल्या, असंच सगळ्यांना वाटायचं. काका खिडकीतून हात बाहेर काढायचे, मानेवरून अंगठा फिरवायचे आणि म्हणायचे, "अजून केसभर." मी परत येऊन गेजवर लावायची. तेवढंच असायचं.