प्रलयाला प्रश्न विचारणारी तुळसामाय

पाण्यात उतरण्याआधी तुळसामाय ओंजळभर पाणी तोंडात घ्यायची, क्षणभर डोळे मिटायची आणि थुंकून टाकायची. मगच जाळं कुठे टाकायचं ते ठरायचं. मी पवनी तालुक्यातल्या आसगावात विज्ञान शिकवायला गेले, तेव्हा ती साठीला आली होती. ढीवरांच्या, म्हणजे मासेमारांच्या घरातली काटक बाई. अक्षरओळख सहीपुरती.

तिला पहिल्यांदा पाहिलं ते देवळातल्या सप्ताहात. महाराज प्रलयाची कथा रंगवून सांगत होते. सगळी पृथ्वी पाण्याखाली गेली, डोंगराचं शिखरही दिसेना. मनुराजाने प्राण्यांच्या जोड्या आणि सगळी बियाणी नावेत घेतली. कथा संपल्यावर महाराज म्हणाले, "काही शंका असेल तर विचारा." असं म्हटल्यावर सहसा कुणी विचारत नाही. पण बायकांमधून आवाज आला, "महाराज, नावंत चारा किती होता जी?"

मंडप हसला. ती हसली नाही. "आन वाघ काय खाऊन राहिला होता? जोडीतली शेळी त्यानं खाल्ली, त मंग आमच्या शेळ्या आल्या कोठून?"

महाराज मनाने चांगले. म्हणाले, "माय, ती देवाची लीला."

"लीला खरीच जी. मी डोंग्यात जनावरं नेली हायेत, म्हनून पुसलं."

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम तलावावर गेले. जाळं सोडवता सोडवता तिने सांगितलं. खूप वर्षांपूर्वी वैनगंगेचं पाणी गावात शिरलं होतं. तिने आणि तिच्या नवऱ्याने तीन शेळ्या, एक वासरू आणि शेजारच्यांचा कुत्रा आपल्या डोंग्यात, म्हणजे लहानशा नावेत घालून टेकडीवर नेले आणि तिथे चार दिवस काढले. "दुसऱ्या दिवशी पाला सरला. तिसऱ्या दिवशी शेळ्या माह्या लुगड्याचा पदर चावत होत्या. शेणात पाय ठेवाले जागा नाही. चार दिवसांत मी रडकुंडीले आली, मॅडम. त्याईनं त सारी दुनिया नेली म्हनते!"

मग जाळ्यातली मरळ वर धरून म्हणाली, "सारी धरती बुडाली, त समुद्राचं खारं पानी आमच्या तळ्यातबी आलंच असंल. खाऱ्या पान्यात हे जगत नाही. मंग हिले कोनं वाचवलं? मासोरीले त कोनी नावंत घेतलं नाही! आन धान आठ दिवस बुडला त सडते. जनावरं उतरली तवा त्याईले गवत कोठचं?"

अधिवासाचा धडा मी कितीदा शिकवला होता. हे प्रश्न मला कधी पडले नव्हते.

मुलांनाही हे ऐकू दे म्हणून मी तिला वर्गात बोलावलं. मुख्याध्यापक कुरकुरले, "श्रद्धेला धक्का लागेल हो." तिने ते ऐकलं. म्हणाली, "गुरुजी, कथा आयकाले मी पुढच्या सालीबी जाईन. कथा मानसाले शहानं कराले असते. पन पानी कसं वागते, ते पान्यालेच पुसा लागते."

माझ्या तिथल्या तिसऱ्या वर्षी पुन्हा पूर आला. तलावाची पाळ फुटली. पाणी ओसरलं तेव्हा मासे वाहून गेले होते आणि पाणवनस्पती गाळाखाली गाडल्या गेल्या होत्या. मच्छीमार सोसायटीने पाळ बुजवली आणि लगेच मासळीचं बीज, म्हणजे बोटभर पिल्लं आणली. तुळसामाय पाळीवर आडवी उभी राहिली. "काहून टाकता? त्याईले खाले काय, लपाले काय? उघड्या माळावर लेकरं सोडल्यावानी हाय हे."

सोसायटीचा अध्यक्ष तिचा सख्खा दीर. तो सगळ्यांसमोर म्हणाला, "वहिनी, महाराजाले प्रश्न पुसनं सोपं असते. येथं पोटाचा सवाल हाय." ती बाजूला झाली. बीज सोडलं. हिवाळा सरेपर्यंत त्यातलं बहुतेक बगळ्यांनी टिपलं, उरलेलं मेलं.

उन्हाळ्यात ती पाच बायांना घेऊन शाबूत राहिलेल्या एका तलावावर गेली. तिथून त्यांनी देवधान, म्हणजे पाण्यात आपोआप उगवणारं रानटी भात, मुळांसकट उपटून आणलं. कमळाचे कंद आणले. ओल्या फडक्यांत गुंडाळून, डोक्यावर वाहून. गुडघाभर चिखलात एकेक मूळ रोवलं. मी दोन रविवार गेले आणि कंबर धरून बसले. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "पूर काय, चार दिवसांचा असते, मॅडम. मागून सारं उभं करा लागते, तेच खरं काम. कथेत ते एका ओळीत सरते."

दुसऱ्या वर्षी पावसाच्या पाण्यासोबत ओढ्यातून मासे चढून आले आणि देवधानाच्या दाटीत मरळीची पिल्लं दिसली. पुढे तिथली पहिली मोठी मरळ घेऊन दीर तिच्या दारात आला. "वहिनी, चुकलो."

"मासोरी ताजी हाय," ती म्हणाली. "बस. जेवून जा."

जन्मभर पाण्यात उभं राहून तिचे गुडघे गेले. मुलीने तिला लाखांदूरला न्यायचं ठरवलं. एसटीपर्यंत पोचवायला मी गेले. कपड्यांच्या पिशवीपेक्षा मोठं एक ओलं पोतं तिच्यापाशी होतं.

कंडक्टर म्हणाला, "माय, यात काय हाय? पानी गळून राहिलं."

"मासोरीचं घर हाय, बाबू. पोरीच्या गावच्या तळ्यात काईच नाही म्हनते."

त्याने पोतं उचलून आपल्या सीटखाली ठेवलं.

वर्षभरातच तिच्या मुलीचा फोन आला. "मॅडम, माय गेली." मग म्हणाली, "तिनं लावलेला देवधान तळ्यात धरला, मॅडम. आता इथल्या बाया म्हनतात, पुढच्या गावाले नेऊ."