हाक ऐकू येईल असं दुकान

आमचा जुना संगणक वारला तो खारी हवा लागून. मुरुडात आमचं घर समुद्राच्या इतकं जवळ, की भरतीची लाट खिडकीतून वाकून आज कालवण कसलं आहे ते बघून जाते. अशा घरात लोखंड टिकत नाही. पंख्याचं पातं गंजून आमटीत पडलेलं मी या डोळ्यांनी पाहिलंय. संगणकाचा डबा उघडला तर आत मिठागर झालं होतं. वर्षाचे बोंबील खारवून निघाले असते. तळाशी एक चिंबोरी बसली होती. तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू भाडेकरू मीच.

हसण्यासारखं एवढंच. मी मुंबईतल्या एका स्टुडिओसाठी लोकांच्या लग्नांचे व्हिडिओ कापते-जोडते, घरी बसून. स्टुडिओच्या मॅडम फोनवर म्हणाल्या, "सोमवारी मशीन चालू हवं. नाहीतर बॅग भर आणि इथं येऊन बस." तो शनिवार होता. आई मुरुडच्या बाजारात मासळी विकते. तिनं ऐकलं आणि म्हणाली, "जा की. मला काय, एक ताट कमी धुवायचं." आणि कालवणात दुसऱ्यांदा मीठ घातलं.

आता नवा घ्यायचा कुठून? मामा म्हणाला, मुंबईला या, इथं पोत्यानं मिळतात. मी म्हणाले, ऑनलाइन मागवू. आई म्हणाली, "ज्याचं तोंड दिसत न्हाय त्याच्याशी भाव कसा करू? फोनला चिमटा काढू?" शिवाय आमच्याकडे कुरिअर पोचेपर्यंत त्या लग्नातल्या जोडप्यांना नातवंडं झाली असती.

सगळ्यात जवळचं दुकान एसटी स्टँडसमोर भाईंचं. झेरॉक्स, मोबाइल, संगणक, सगळं एका काउंटरवर. पण त्यांचं नाव काढायची सोय नव्हती, कारण भाई आईचं रोजचं गिऱ्हाईक. रोज सकाळी पापलेट उचलायचं, भाव ऐकून छाती धरायची, पापलेट पाटीत टाकून स्टँडकडे चालू लागायचं. वाटेत बर्फवाल्यासमोर विजेचा खांब आहे. आई त्यांना बरोबर खांबापर्यंत जाऊ देते आणि हाक मारते, "या हो भाई, घेऊन जा, तुमच्यासाठी म्हणून!" खांबाच्या अलीकडे हाक मारली तर भाव पडतो, खांब ओलांडू दिला तर गिऱ्हाईक जातं. या एका शास्त्रावर तिनं घराला स्लॅब घातला आणि मला शिकवलं.

"त्याच्या दारात गेले," आई म्हणाली, "तर इतक्या वर्षांच्या पापलेटांचा सूड घेईल तो."

म्हणून आम्ही एसटीनं अलिबागला. तिथलं दुकान मोठं, काचेच्या दाराचं. आत थंडी अशी, की विकणाऱ्या मुलाच्या मिशीवर बर्फ धरला होता. आईनं पदर घट्ट लपेटला आणि मोठ्यानं विचारलं, "एवढा बर्फ लागतो, म्हणजे माल कधीचा रं?"

"आंटी, फिक्स रेट आहे."

"माझापण फिक्सच असतो. आता खरा बोल."

तो काही खरा बोलेना. आईनं छाती धरली, पाठ फिरवली. "चल गो. मागं बघू नकोस. बघितलं की मेलो."

मागे काचेचं दार फुस्स करून मिटलं. आम्ही चाललो. मी लबाडी करून एका स्कूटरच्या आरशात पाहिलं. तो मुलगा काचेच्या आड दोन्ही हात हलवत होता, जाळ्यातल्या रावसासारखं त्याचं तोंड उघडत-मिटत होतं.

"आये, तो बोलावतोय."

"आवाज येतोय?"

"न्हाय."

"मग बोलावत न्हाय."

परतीच्या एसटीत रेवदंडा गेल्यावर आईच्या लक्षात आलं की अलिबागच्या मावशीसाठी आणलेली सुक्या बोंबलांची पिशवी दुकानाच्या काउंटरखालीच राहिली. तो कशासाठी ओरडत होता ते तेव्हा कळलं. "राहू दे," आई म्हणाली, "त्या थंडीत जरा बाजारासारखा वास येईल." मग खिडकीला विचारावं तसं, "मुंबईत तुला ताजं कोण देईल गो?"

मुरुडला उतरलो तर समोर भाईंचं दुकान उघडं. आमच्या गावात बातमी एसटीच्या आधी पोचते.

"या ताई. अलिबागचा बर्फ खाऊन आलात?"

आईनं ऐकलंच नाही असं केलं. भाईंनी स्वतःचा संगणक दाखवला. बंदराच्या वाऱ्यात तो कित्येक वर्षं चालत होता. "दर महिन्याला उघडून पुसतो. पोरीचा पण पुसेन. आणि उद्या घरी येऊन लावून देतो, सोमवार चुकणार नाही." माझा जीव भांड्यात पडला. मग त्यांनी भाव सांगितला.

आईनं छाती धरली. पायरी उतरली. चालू लागली.

मी काउंटरपाशीच थांबले. भाईंनी स्टूल ओढलं आणि रस्त्याकडे तोंड करून आरामात बसले.

"भाई, हाक मारा ना!"

"थांब पोरी. अजून खांब यायचाय."

आई चालत होती. पावलं बारीक होत गेली. इतकी, की एक कोंबडी तिला मागे टाकून गेली आणि वळून दया आल्यासारखी बघू लागली. खांब आला. भाई तोंड उघडून श्वास घेत होते. आणि माझ्या आईनं, जी जन्मात कधी मागे वळली नव्हती, मान वळवली.

"या हो ताई, घेऊन जा, तुमच्यासाठी म्हणून!"

हाक अशी, की जंजिऱ्यावरचे कावळे उडाले आणि सुटत असलेली बोर्लीची गाडी थांबली.

सोमवारी मी लग्नं कापायला बसले, आमच्याच खिडकीत. भाई महिन्याला येतात, डबा उघडून पुसतात, जाताना पापलेटावरून भांडतात. त्याहून मोठं भांडण अजून मिटलेलं नाही. भाई म्हणतात, ताई आधी वळल्या. आई म्हणते, हाक आधी आली. मी मधे उभी होते, म्हणून साक्षीला मला ओढतात. भाईंना मी सांगते, तुमचं खरं. आईला सांगते, हाक आधी आली, मी या कानांनी ऐकली. ती खूश होऊन पापलेटाचा मधला तुकडा माझ्या ताटात टाकते, आणि ते ताट मला धुऊ देत नाही.