बंदुकीच्या नळीवरचा डाग

ती तक्रार आजही आठवली की मला आधी हसू येतं आणि मागोमाग ओशाळल्यासारखं होतं. नोकरीत मी बरेच आरोपी पकडले, पण इतका जवळचा आरोपी दुसरा भेटला नाही.

तेव्हा मी इंदूरच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. आमच्याकडे त्याला टीआय म्हणतात. निवडणूक जाहीर झाली की परवानाधारकांना आपली शस्त्रं ठाण्यात जमा करावी लागतात. तुकोगंजमधले एक निवृत्त प्राध्यापक आजोबांची एकनळी बंदूक घेऊन आले. नळीवरचा जुना काळा मुलामा त्यांनी कारागिराकडून घासून काढला होता. नवा चढवायच्या आत आमचा आदेश आला, म्हणून ती तशीच उघडी, आरशासारखी चकचकीत. तसं पावतीवर लिहून घेतलं. मग प्राध्यापक मुलीकडे परदेशी गेले आणि निवडणूक संपली तरी बंदूक आमच्या मालखान्यातच राहिली.

मालखाना म्हणजे जप्त आणि जमा वस्तूंची खोली. ती सांभाळायचे हेड मोहर्रिर, म्हणजे ठाण्याचे मुख्य लेखनिक, आमचे मुंशीजी. माणूस इतका काटेकोर, की कागदाशिवाय काडेपेटीसुद्धा बाहेर जाऊ देणार नाही. त्यांच्या निवृत्तीला महिना उरला होता आणि हारतुऱ्यांची तयारी त्यांच्या नकळत सुरू झाली होती.

अशात एक निनावी फोन आला. "मुंशीजींनी जमा असलेली बंदूक सुदामा नगरच्या एका वरातीत हवेत बार काढायला दिली होती." मी ते हसण्यावारी नेलं. पण दोनच दिवसांनी प्राध्यापक परतले, बंदूक हातात घेतली आणि त्यांचा चेहरा उतरला.

"टीआय साहेब, हे काय हो? मी चमकती नळी दिली होती. ही कोणीतरी वापरली आहे."

नळीवर गंजाचा एक लांबट डाग होता आणि त्याच्या मागे एक वाटोळा. फोन आणि डाग जुळले. माझ्यातला पोलीस जागा झाला, आणि पोलीस जागा झाला की माणूस जरा झोपतो.

मी मुंशीजींना प्राध्यापकांसमोरच केबिनमध्ये बोलावून घेतलं. "बंदूक कोणाला दिली?"

"कोणालाच नाही सर. ठाण्याच्या बाहेर गेलीच नाही, कसम से."

"मग हा डाग कसा पडला?"

मी आवाज चढवला, प्रश्न उलटेसुलटे करून तासभर विचारले. ते टेबलाकडे बघत राहिले. काहीतरी लपवतायत, हे मला स्वच्छ दिसत होतं, आणि ते खरंही होतं. मी वरिष्ठांकडे पाठवायचा अहवाल लिहायला घेतला. निवृत्तीच्या तोंडावर विभागीय चौकशी म्हणजे आयुष्यभराच्या नोकरीवर बोळा फिरणं. तेव्हा ते एवढंच म्हणाले, "सर, हे लिहिलं तर घरी काय सांगू मी?" माझं पेन थांबलं. सही करण्याआधी जाणत्या माणसाचं मत घ्यावं म्हणून मी बंदूक दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्या कारागिराला बोलावलं. प्राध्यापकही समोर बसले.

कारागिराने सुती हातमोजे चढवले. नळीतून पांढरी चिंधी ओढली, ती नुसत्या तेलाने माखून आली. खटका उघडून बघितला. "चली ही नहीं है साहब. काजल का नाम नहीं." मग बाहेरून बोट फिरवून तो खूश झाला. "किसने रखी है? बढ़िया रखी है! तेल का हाथ, मोम का कागज, चमड़े के खोल से बाहर. खोल तो नमी पकड़ता है. हर महीने पोंछी है किसी ने. नंगा लोहा है साहब, इसको तो पसीना भी खा जाता है."

"मग हा डाग?"

त्याने भिंग लावलं, लांबट डाग सुईने हलकेच खरवडला आणि सुईचं टोक मला दाखवलं. गंजाखाली लाल होतं. "कुंकू है भिया. और ये पीछे वाला अंगूठा है. पकड़ने वाले का."

भिंगातून मी बघितलं. अंगठ्याच्या ठशात मधोमध एक तिरपी रेघ होती. लहानपणी विळीवर कापलेली तीच रेघ माझ्या डाव्या अंगठ्यावर आहे.

दसऱ्याला ठाण्यात शस्त्रपूजा असते, ती सरकारी शस्त्रांची. त्या वर्षी मलाच उत्साह आला. "जमा बंदुकांनाही सणाचा मान द्या," असं म्हणून मी सगळ्या काढायला लावल्या आणि ओल्या हाताने स्वतः टिळे लावले. "सर, ही राहू द्या," असं मुंशीजी या नळीबद्दल म्हणाले होते. मी ऐकलं नव्हतं.

"पुसलं का नाहीत?" मी विचारलं.

"पूजेचं कुंकू होतं सर, तेही तुमच्या हातचं. कसं पुसणार? तेवढं सोडून बाकी नळीला दर महिन्याला तेल लावत गेलो."

प्राध्यापक इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. डाग घासून निघेल, असं कारागीर म्हणाला. मी अहवाल फाडला आणि चूक माझी होती, हे ठाण्याच्या दैनंदिनीत, रोजनामच्यात, माझ्या सहीने नोंदवलं. फोन करणाराही सापडला. त्याची मोटरसायकल मुंशीजींनी कागदाशिवाय सोडली नव्हती.

सगळे गेल्यावर मी मुंशीजींना म्हणालो, "तासभर बोलणी खाल्लीत. तेव्हाच का नाही सांगितलं?"

ते संकोचून म्हणाले, "सर, तुम्ही विचारत होतात बंदूक कोणाला दिली. त्याचं खरं उत्तर दिलं. पण डागाचं सांगायचं, तर प्राध्यापकांसमोर तुमचं नाव कसं घेणार?"

गप्प बसणारा माणूस स्वतःला वाचवत असतो, असं मी इतकी वर्षं धरून चाललो होतो. त्या दिवशी समोरचा माणूस स्वतःची नोकरी पणाला लावून मला वाचवत होता, आणि मी त्याच्यावरच ओरडत होतो. महिनाअखेर मुंशीजी स्वच्छ कागदानिशी निवृत्त झाले. निरोपाच्या दिवशी त्यांच्या कपाळाला टिळा मी लावला आणि सगळ्या ठाण्यासमोर वाकून नमस्कार केला.