आईसाठी आणलेली खुर्ची

माझ्या थोरल्या भावाची सगळी नोकरी भिंगारच्या लष्करी हद्दीत सिव्हिलियन स्टोअरकीपर म्हणून झाली. वस्तू पारखायची तर आपणच, अशी त्याची तेव्हापासून ठाम समजूत आहे. निवृत्त झाल्यावर तो पारनेरजवळच्या आमच्या गावी आईपाशी राहायला गेला आणि तिथंही त्यानं आपलं खातं उघडलं. आता घरात झाडू आणायचा असला तरी आधी बैठक होते आणि बैठकीनंतर भावाला हवा तोच झाडू येतो.

त्याचा मुलगा पुण्याला असतो. त्यानं घाटाखालच्या एका मोठ्या थीम पार्कची सहल ठरवली. सगळ्यांनी जायचं, आजीनंसुद्धा. आईचे गुडघे कधीचेच कुरकुरत होते, आणि तिथं दिवसभर चालावं लागतं असं कळल्यावर भावानं फॅमिली ग्रुपवर विषय टाकला : आईला न्यायचं कशावर? ग्रुपवर नसलेलं घरातलं माणूस एकच, ते म्हणजे आई. त्यामुळे चर्चा मोकळेपणानं झाली.

मी काठी सुचवली. आईला फोनवर विचारलं तर ती म्हणाली, "काठी घेतली की कुत्री मागं लागत्यात." वहिनीनं माहेरून वॉकर आणला. तो तिच्या वडिलांनी शेवटच्या दुखण्यात वापरलेला. आईनं त्याच्याकडे लांबूनच बघितलं. "ते गेले आन हे माघारी आलं. मला नगं." मग राहिली व्हीलचेअर. पार्कात ती भाड्यानं मिळते असं पुतण्यानं कळवलं होतं, पण दुसऱ्यानं पसंत केलेल्या वस्तूवर माझ्या भावाचा विश्वास नाही. तो नगरला गेला, दुकानातल्या सगळ्या खुर्च्यांत स्वतः बसून बघितलं आणि त्यातली एक घेऊन गावाकडे परतणाऱ्या भाजीच्या टेम्पोत टाकली. स्वतः मात्र पावती आणि वॉरंटी नीट समजून घ्यायला मागं राहिला.

टेम्पोवाल्यानं खुर्ची पारावर उतरवली, कारण पुढं आमच्या गल्लीत टेम्पो वळत नाही. पारावरच्या कुणीतरी ती ढकलत घरी पोचती केली. रिकामी व्हीलचेअर भर उन्हात गावातून आमच्या दारात गेली. गावाला एवढं पुरेसं होतं.

आमच्याकडे आजारी माणसाला भेटायला जायची रीत आहे. बिस्किटाचा पुडा न्यायचा, घरच्यांना बाजूला घेऊन हळू आवाजात चौकशी करायची आणि निघताना काळजी घ्या म्हणायचं. मी भिंगारहून पोचले तेव्हा ओसरी भरलेली होती. कोनाड्यात पुड्यांची चळत लागली होती. आई एका कडेला बसून लसूण सोलत होती आणि तिला सोडून सगळे तिची चौकशी करत होते.

वरच्या आळीतल्या एका बाईनं वहिनीला विचारलं, "मानसं वळखत्यात का?"

"तुला वळखलं की," आई लसणावरून मान वर न करता म्हणाली. "माझा कुरडयांचा सोऱ्या नेला ती तूच न्हवं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी सोऱ्या धुऊन-पुसून घरी आला. खुर्चीनं आमच्या घरात केलेलं हे पहिलं चांगलं काम. पावती घेऊन परतलेल्या भावाला मात्र त्या दिवशीच्या गर्दीचं कौतुकच वाटलं. तो आल्यागेल्याला खुर्चीचे ब्रेक दाखवत होता.

माणसं गेल्यावर आई म्हणाली, "मी न्हाई येत. तुमी जाऊन या."

"का?"

"त्या खुर्चीत बसून गावातनं निघाले तर मी माघारी येईन असं कुनालाच वाटनार न्हाई. मला बी न्हाई."

मला भावाचा भयंकर राग आला. कारण आईला तिथं जायचं होतं, आणि कशासाठी जायचं होतं ते मला ठाऊक होतं. सहल ठरली तेव्हा तिनं नातवाला फोनवर एकच गोष्ट विचारली होती : "पाळना हाय का तिथं?"

गावच्या जत्रेत दरवर्षी मोठा पाळणा येतो. लहानपणी आम्ही भावंडं बसायचो, वडील बसायचे, आलेले पाहुणेही बसायचे. आई खाली सगळ्यांच्या चपला, पिशव्या आणि पाहुण्यांच्या टोप्या सांभाळत उभी असायची. कुणीतरी खाली थांबायला हवं हे सगळ्यांना मान्य होतं. ते कुणी म्हणजे कोण, याची बैठक आमच्या घरात कधीच झाली नाही.

संध्याकाळी भावानं आईची समजूत काढायला अंगणात प्रात्यक्षिक ठेवलं. स्वतः खुर्चीत बसला, पाय पायपट्टीवर ठेवले आणि मला म्हणाला, "ढकल. आईला कळू दे किती आरामाचं आहे ते." माझ्या हातात चहाचा ट्रे होता. आईच वैतागून उठली, मागच्या मुठी धरल्या आणि त्याला फाटकापर्यंत नेऊन परत आणलं. एरवी फाटकापर्यंत जायचं तर ती वाटेत तीनदा भिंतीला टेकते. परत आल्यावर ती मुठी सोडेना.

"बसायला न्हाई, पन धरायला बरी हाय," ती म्हणाली. "मी येते. पन ढकलीत येनार. बसनार न्हाई."

"लोक काय म्हणतील?" भाऊ अजून खुर्चीतच होता. "मुलगा धडधाकट, आणि आई खुर्ची ढकलते?"

"लोकं बिस्किटं आनून मोकळी झाली. आता काय म्हनायचं ते म्हनू दे."

जायच्या दिवशी तिनं सगळ्यांच्या पिशव्या खुर्चीत रचल्या. बिस्किटांचे पुडेही घेतले, वाया कशाला घालवायचे म्हणून. गाडी पारावर उभी होती. तिथपर्यंत खुर्ची ढकलत, दारादारात थांबून तिनं सांगितलं, "पिशव्यांसाठी आनली हाय." भाऊ आमचा नसल्यासारखा पुढं चालत होता.

पार्काच्या फाटकावर रखवालदारानं पिशव्या उघडल्या. बाहेरचं खाणं आत नेता येत नाही, म्हणाला.

"पेशंटचं हाय," आई म्हणाली. पुडे पेशंटसाठीच आले होते, त्यामुळे ती खोटं बोलत नव्हती.

रखवालदारानं पेशंट शोधायला आमच्याकडे बघितलं. आई खुर्चीमागं ताठ उभी होती. घाटातल्या प्रवासानं भावाचा गुडघा आखडला होता आणि तो माझ्या खांद्याला धरून उभा होता. रखवालदारानं त्याच्याकडे दयेनं बघून पुडे आत सोडले.

आत गेल्यावर त्यानं एकेक खेळ तपासायला सुरुवात केली. या पाळण्याचे बोल्ट बघा, त्या गाडीचा रंग उडालाय. खुर्चीच्या आधारानं आई मजेत चालत होती, दमली की खुर्चीवर रेलून लहान पोरांच्या किंकाळ्या ऐकत होती. ऊन चढलं तसं भावाचं परीक्षण मंदावलं. तो आधी प्रत्येक झाडाखाली थांबू लागला, मग दोन झाडांच्या मध्येही. आपले गुडघे आईसारखेच झालेत हे त्यानं आम्हा सगळ्यांपासून लपवलं होतं. दुकानातल्या सगळ्या खुर्च्यांत तो स्वतः का बसून बघत होता, ते मला तेव्हा कळलं आणि माझा राग बराचसा गेला.

आईनं काही न विचारता खुर्चीतल्या पिशव्या उचलून माझ्या हातात दिल्या.

"जरा पाय मोकळा करतो," म्हणत भाऊ बसला. बसल्यावर आईनं पिशव्या त्याच्या मांडीवर ठेवल्या आणि त्याला ढकलत थेट मोठ्या पाळण्यापाशी आणलं. पुतण्या आणि वहिनी पुढच्या डब्यात चढली. आईनं चपला काढल्या. काढायची गरज नाही, डबा बंद असतो, असं तिथल्या माणसानं सांगितलं, पण जत्रेतल्या सगळ्यांच्या चपला तिनं सांभाळलेल्या, तिला कोण शिकवणार? तिनं त्या भावाच्या पायाशी ठेवल्या.

"नीट बघ यांच्याकडं," एवढं म्हणून ती माझा हात धरून डब्यात चढली.

पाळणा वर गेला. आईनं खिडकीची दांडी घट्ट धरली होती. डोंगर दिसले, तळं दिसलं, तिचं तोंड उघडंच राहिलं. मला फार बरं वाटलं. मग तिनं खाली बघितलं. भाऊ खुर्चीत होता, मांडीवर पिशव्या, पायाशी चपला. कुणीतरी अनोळखी बाई त्याच्यापाशी वाकून काहीतरी विचारत होती.

"कोन गं ती?" मी विचारायच्या आत आईनंच विचारलं आणि उत्तरही तिनंच दिलं. "भेटायला आली असंल."