साखर कुठे जाते

आत्याच्या पायाच्या तळव्यावरचा काळा डाग आम्ही सगळ्यांनी बिब्ब्याचा धरला होता. श्रीपूरकडे रानात काटा रुतला की बिब्बा गरम करून त्याचं तेल लावतात आणि कातडी काळी पडते. हा डाग जाईना, म्हणून आत्यानं त्यावर पुन्हा बिब्बाच लावला. काळ्यावर काळं. सोलापुरात तुकडा काढून तपासला तेव्हा तो त्वचेचा कर्करोग निघाला. आता प्रश्न एकच होता, तो पायातच आहे की वर सरकलाय.

मोठ्या डॉक्टरांच्या मागच्या भिंतीवर सत्काराचे इतके फोटो होते की कॅलेंडरला जागा उरली नव्हती. त्यांनी भाषणाच्या सुरात सांगितलं, या पेशी साखर अधाशासारखी खातात. शिरेतून किरणोत्सारी साखर सोडायची, जिथे ती जास्त खपते तिथे चित्रात उजेड दिसतो.

मी थोडं वाचून गेलो होतो. विचारलं, "गाठ किती ऊर्जा वापरते यावरून ती पसरेल का, हे कळतं?"

डॉक्टर पहिल्यांदाच थांबले. "काही दुवे दिसतात. पण एका माणसाबद्दल तेवढ्यावरून सांगता येत नाही अजून."

तिथून मला ते आवडायला लागले.

सुई दिल्यावर आत्याला अंधुक खोलीत निजवलं. हलायचं नाही, बोलायचं नाही. स्नायूही साखर खातात. मी काचेबाहेर बसलो. डोळे जड झाले. धुक्यातून उसाच्या ट्रॉल्या जाताना दिसू लागल्या, आवाज न करता, आत्याच्या अंगातल्या वाटांनी. कुठल्या फाट्याला वळतात तेवढं दिसत नव्हतं.

चित्रात तळव्यावर एक ठिणगी होती. जांघ काळोखी. डोकं मात्र लखलखत होतं.

आत्या घाबरली. "डोक्यात गेलं व्हय?"

"नाही मावशी," डॉक्टर म्हणाले, "मेंदू नेहमीच जास्त खातो."

"काय काम करत हुता एवढं? मी तर गप पडून हुते की!"

डॉक्टर हसले, मग गंभीर झाले. "जांघेत दिसण्याइतकं काही नाही. पण अगदी बारीक असेल तर यात दिसत नाही. पायातून वर सरकताना रोग आधी जांघेतल्या रसग्रंथीत थांबतो. डाग कापताना तिथली एक ग्रंथी काढून तपासू."

"म्हंजे आजून ठरलं न्हाय."

"नाही."

"मग काढा की."

बाहेर तिनं चप्पल घातली. तळव्याखाली कुणी झोपलंय आणि त्याला जागं करायचं नाही, अशा बेतानं तिनं पाऊल टेकवलं.