राहून गेलेला शेरा

भास्करमामा गेले तेव्हा मी कॉलेजच्या लायब्ररीत होते. आईचे मिस्ड कॉल पाहून बाहेर येऊन फोन केला, तर ती एवढंच म्हणाली, "भास्करदादा गेला गं..." त्याला आता काही आठवडे झाले. त्यांच्याविषयी लिहायला बसलं की मला सगळ्यांत आधी आठवतं ते त्यांनी न दिलेलं एक उत्तर.

मामा आईचे मावसभाऊ. लंडनला ब्रिटिश परराष्ट्र खात्यात कारकून म्हणून लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. बाबा लेस्टरला बस चालवतात. आमच्या घरातून युनिव्हर्सिटीत गेलेली मी पहिलीच. इतिहास शिकायला लंडनला आले तेव्हा रविवारचं जेवण लंडनमधल्याच एजवेअरला मामांकडे, हे ठरूनच गेलं. जेवण कमी, गोष्टी जास्त. मामी म्हणायच्या, "ह्यांची एक फाइल संपेपर्यंत आमटी दोनदा गरम करावी लागते."

मला त्या गोष्टी हव्याच असायच्या. खात्यात एक जुनी रीत होती. एखादा प्रश्न आला की पहिलं मत सगळ्यांत ज्युनिअर माणसाने लिहायचं, मग त्याच्या वरच्याने, आणि मोठ्या साहेबाचा शेरा अगदी शेवटी. साहेबाला जास्त कळतं तर तो शेवटी का, असं मी विचारलं. मामा म्हणाले, साहेबाने आधी लिहिलं की खालचे नुसत्या माना डोलावतात. मी तेव्हा १९५६च्या सुएझ प्रकरणावर निबंध लिहीत होते. इजिप्तवर हल्ला करायचं मोजक्या लोकांनी आपसांत ठरवलं, खात्यातल्या बहुतेक जाणकारांना पत्ताही नव्हता. मामा त्यानंतर बऱ्याच वर्षांनी लागले, पण जुन्या लोकांकडून ऐकलेलं सांगताना त्यांचा आवाज खाली यायचा. त्या वर्षी इराकच्या युद्धावरून जिकडेतिकडे वाद चालले होते. टीव्हीसमोर बसून मामा म्हणायचे, यात सगळ्यांत ज्युनिअर माणसाने काय लिहिलं असेल, ते वाचायला पाहिजे...

पहिलं वर्ष संपताना बाबांनी ठरवलं की मी इतिहास सोडून अकाउंटिंग घ्यावं. त्यांचंही बरोबर होतं; इतिहास शिकून नोकरीला लागलेलं त्यांच्या ओळखीत कोणीच नव्हतं. मला न्यायला ते एजवेअरला आले आणि जेवायला बसताच त्यांनी विषय काढला. मामांनी त्यांना थांबवलं.

"दाजी, जरा थांबा. आधी धाकटी बोलेल."

बाबांना ते आवडलं नाही. मी बराच वेळ पोळीचे तुकडे करत राहिले. मग अडखळत म्हणाले की अकाउंटिंग जमेलही मला, पण... कोणी काय ठरवलं आणि का, हे शोधताना मला मी हुशार आहे असं वाटतं. एरवी वाटत नाही.

"हे आधी का नाही बोललीस?" बाबांनी विचारलं.

"आधी तुम्हीच बोलायचात म्हणून," मामी भात वाढत म्हणाल्या.

बाबा हसले नाहीत. पण ताट संपवून म्हणाले, कर पूर्ण. मग मी मामांना त्यांचं मत विचारलं.

"माझा शेरा डिग्री हातात आल्यावर."

डिग्री या उन्हाळ्यात मिळेल. इतिहास घेतला ते त्यांना पटलं होतं की नाही, मला खरंच माहीत नाही. मामींना विचारलं, त्यांनाही नाही.

गेल्या रविवारी बाबांचा फोन आला. डिग्रीनंतर मी काय करावं, याबद्दल त्यांनी बरंच काही ठरवलेलं असावं. आवाजावरून कळत होतं. पण ते म्हणाले, "आधी तू सांग." मला शब्द सापडायला वेळ लागला... तोवर पलीकडे ते नुसते थांबून राहिले.