चार वस्तूंत बसणारं नाटक

शरयूताई खांबेटे यांच्याशी माझी ओळख एका तक्रारीने झाली. मी तेव्हा नुकताच ठाण्याहून डोंबिवलीला राहायला आलो होतो, बँकेत कारकून होतो आणि नाटकातलं आपल्याला फार कळतं असा माझा पक्का समज होता. एका वाचनालयाच्या सभागृहात हौशी मंडळाचा प्रयोग पाहिला. रंगमंचावर एक बाकडं आणि एक बादली, बस्स. प्रयोग संपल्यावर बाकडं उचलायला आलेल्या बाईंना मी जरा चढ्या आवाजातच विचारलं, की तुमचा सेट वाटेत कुठे राहिला का. त्यांनी बाकडं खाली ठेवलं आणि नाटकातल्या या घरातलं स्वयंपाकघर कुठे होतं, असं उलट मलाच विचारलं. डावीकडे, मी म्हणालो. आणि मोरी? त्याच्या मागे. मोरीत पाणी सकाळी सहाला येतं हेही मी सांगून मोकळा झालो, आणि नाटकात तर पाण्याचा विषयही नव्हता. ताई हसल्या नाहीत. रविवारी चार वाजता आमच्याकडे वाचन असतं, या, एवढं म्हणून त्यांनी बाकड्याचं दुसरं टोक माझ्या हातात दिलं. त्यानंतर वीसेक वर्षं माझे रविवार त्यांच्याकडेच गेले.

ताईंच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात त्यांच्या शाळेतल्या शिकवण्याबद्दल, त्यांच्या वक्तशीरपणाबद्दल जाणकार मंडळी लिहितीलच. मला लिहायचंय ते त्या नाटक कसं निवडत, याबद्दल. आमचं मंडळ म्हणजे शिक्षक, नोकरदार आणि गृहिणी मिळून पंधरा-सोळा जण. प्रयोग सोसायटीच्या गच्चीवर, देवळाच्या सभामंडपात, नाहीतर कल्याणच्या एखाद्या शाळेत, जिथे विंग म्हणजे खो-खोचे खांब ठेवायची खोली. तिथे दिवाणखाने आणि जिने कोण नेणार? म्हणून ताईंचा नियम होता : चार वस्तूंत बसेल तेच नाटक करायचं.

पण चार वस्तू ठरायच्या कशा, ते ऐकण्यासारखं आहे. ताई संहिता मोठ्याने वाचत आणि रंगसूचना सरळ गाळत. 'दिवाणखाना, उजवीकडे खिडकी' वगैरे काही नाही. फक्त माणसांचं बोलणं. आम्ही डोळे मिटून ऐकायचं. ज्याला एखादी वस्तू लागेलच असं वाटेल त्याने हात वर करायचा. मग ताई वाचन थांबवत आणि चष्म्यावरून बघत विचारत, "हे कशाला?" त्या दोन शब्दांनी भल्याभल्यांची भंबेरी उडालेली मी पाहिली आहे. आमचे जोशीकाका एकदा कपाटासाठी तासभर हट्टाला पेटले होते. शेवटी कबूल झाले, की कपाटाच्या दाराला आतून संवाद चिकटवायचा त्यांचा बेत होता. ताईंनी कपाट नामंजूर केलं आणि पुढचे पंधरा दिवस रोज संध्याकाळी काकांच्या घरी जाऊन त्यांचं पाठांतर करून घेतलं. काकांनी ते काम झोकात केलं. 'अहो, साठीनंतर बाईंची छडी खाल्ली मी,' असं ते सगळ्यांना कौतुकाने सांगत फिरायचे.

तालमीही ताईंच्याच घरी होत. त्यांच्या पॅसेजमध्ये कपडे वाळत घालायची दोरी होती, आणि दोरीवर बारा महिने ओल्या चादरी. पात्राचा प्रवेश पॅसेजमधून, तेव्हा प्रत्येक जण वाकूनच आत यायचा. दोन महिने अशी तालीम झाली आणि कल्याणच्या शाळेत प्रयोग लागला. मोकळा रंगमंच, ना दोरी ना चादर, आणि आमची सातही पात्रं विंगेतून येताना एकाच जागी मान खाली घालून आत आली. पाच फुटांच्या सौ. कर्णिकसुद्धा! मी विंगेत कपाळावर हात मारून घेतला. प्रयोगानंतर एक म्हातारे गृहस्थ ताईंना शोधत आले. डोळे भरून आलेले. आमच्या गावच्या घराचं दार असंच ठेंगणं होतं हो, म्हणाले, थोरला भाऊ असाच वाकून आत यायचा. ताईंनी त्यांना बसवलं, त्या दाराची चौकशी केली, पाणी दिलं. आमची चूक त्यांना सांगितली नाही. दुसऱ्या दिवशी मात्र आम्हाला म्हणाल्या, "प्रेक्षक घरून काही ना काही घेऊन आलेला असतो. आपण सगळी जागा आपल्याच सामानाने भरली, तर त्याने ते ठेवायचं कुठे?"

हे मला त्या दिवशी अगदी पटलं. आपल्यावर पाळी आली तेव्हा मात्र पटलं नाही.

ठाण्यात टेंभी नाक्याजवळ आमची चाळ होती. ती पाडायला घेतली त्याच वर्षी माझी आई गेली. मी दोन अंकी नाटक लिहिलं : आई, आमची खोली आणि तिचा त्या खोलीतला शेवटचा दिवस. रंगमंचावर मला ती खोली जशीच्या तशी हवी होती. ताईंनी रविवारी वाचायला घेतलं आणि अकरा वेळा हात माझाच वर गेला. शिवणाचं मशीन. हे कशाला? पितळी डबे. हे कशाला? देव्हारा. अकराव्या वस्तूला माझा तोल सुटला. तुम्हाला माणसाच्या घराची किंमत नाही, असं मी सगळ्यांदेखत बोललो. ताईंनी संहिता मिटली. "या वस्तू नाटकाला नको आहेत, तुम्हाला हव्या आहेत," त्या म्हणाल्या. "तुम्हाला तुमचं घर परत हवंय. ते मला नाही हो देता येणार."

मी कागद उचलले आणि निघून आलो. सहा वर्षं गेलो नाही. माझ्याइतका हेकट माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

त्या सहा वर्षांत प्रत्येक वाचनाच्या आदल्या दिवशी ताईंचा फोन यायचा. 'उद्या चार वाजता वाचन आहे,' एवढंच सांगून त्या ठेवून द्यायच्या. रागावल्या नाहीत, मनधरणीही केली नाही. रविवारी चार वाजले की मी घरात उगीच येरझाऱ्या घालायचो. आता कोणतं नाटक चाललं असेल, जोशीकाका कशाला हात वर करत असतील. अहो, चप्पल घालून दाराशी उभा राहायचो आणि परत काढायचो. आज ते रविवार आठवले की जीव तुटतो. आईचं जाणं माझ्या हातात नव्हतं. हे तर माझ्या हातात होतं.

मग फोन बंद झाले. महिना गेला, दोन गेले, तेव्हा कर्णिकबाईंकडून कळलं, की ताईंची नजर गेली आहे. उजेड-अंधार तेवढा समजतो, वाचता येत नाही. लेकीने त्यांना माजिवड्याला आपल्याकडे नेलं आहे, वाचनं थांबली आहेत आणि मंडळही थांबल्यातच जमा आहे. मी माझ्या नाटकाचं ते बाड काढलं. एकेका वस्तूशी थांबून ताईंच्याच आवाजात स्वतःला विचारत गेलो, हे कशाला. पंधरा दिवस लागले. शेवटी एकही वस्तू उरली नाही. उरली ती आई आणि तिचं बोलणं.

गेल्या दिवाळीनंतर मी माजिवड्याला गेलो. लेकीचं घर सुरेख, भरलेलं. ताई सोफ्याच्या कडेला हात लावत, टीपॉय चुकवत बाहेर आल्या, तरी गुडघा आपटलाच. माझा आवाज ओळखून म्हणाल्या, आज रविवार नाही. मी म्हटलं, मी वाचतो, तुम्ही ऐका, आणि नाही जमलं तर तसं सांगा. या खेपेला मी भांडणार नाही. त्यांनी डोळे मिटले. मी रंगसूचना न वाचता वाचत गेलो. ताईंचा हात एकदाही वर झाला नाही.

संपल्यावर त्यांनी डोळे उघडले. मग आईचं काम कोण करणार, असं त्यांनी विचारलं. मी दोन-तीन नावं घेतली.

"मी करीन," ताई म्हणाल्या.

आता, ताई उभ्या आयुष्यात रंगमंचावर आल्या नव्हत्या. मी गडबडलो. तुम्हाला दिसत नाही, पडाल, असं काहीतरी बोलून गेलो.

"पडते ती इथे," त्या म्हणाल्या. "तुमच्या नाटकात अडखळायला आहे काय?"

तालमी सुरू आहेत. मी संवाद वाचून दाखवतो, त्या ऐकून पाठ करतात. पहिल्या दिवशी लेक त्यांचा हात धरायला उठली होती, ती तशीच खाली बसली. कारण सोफा-टीपॉय भिंतीशी सारून केलेल्या मोकळ्या जागेत ताई कशालाही हात न लावता, भराभर, या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत होत्या, आणि चालताना माझ्या आईचं बोलणं बोलत होत्या.

अशा ग्रंथात शेवटी सगळे दीर्घायुष्य चिंतितात, निरोगी शंभरी मागतात. मीही मनापासून मागतो, पण त्यात माझा स्वार्थ आहे, तो लपवत नाही. ताई, माझी आई एकदा गेली आहे. या वेळी तिला घेऊन भरपूर थांबा.